पायडलची वीज

सायकलच्या डायनामोवर बॅटरी चार्ज करायचं यंत्र मी बनवलं होतं. दादाने नाही. आमच्या नात्यागोत्यात कुणालाही विचारा, तो दादाचंच नाव सांगेल, म्हणून आधीच लिहून टाकते. दादाने काय केलं तेही सांगणार आहे, पण त्याच्या जागी.

आमचं घर नागपुरात गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात होतं आणि बाबा गिरणीच्या मागखात्यात होते. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान गेले. मी समजायला लागले तेव्हाच त्यांना कमी ऐकू यायचं, आणि मी बारावीत गेले तोवर डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं तरच कळायचं. गिरणीत त्यांचं अडत नसे. तिथे सगळेच हातवाऱ्यांनी बोलत. ती भाषा मात्र ते घरी आणत नसत. घरी आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि ओट्यावर बसायचे.

यातून आमच्या घरात एक रीत पडली. बाबांना काही विचारायचं असेल तर ते दादाने विचारायचं. आईचा आवाज बारीक, तो पोचायचा नाही. चिठ्ठी लिहावी तर बाबांचं वाचणं सहीपुरतं. आणि मुलीने बापाच्या कानाशी ओरडणं बरं दिसत नाही, असं आईचं ठाम मत होतं. शिवाय ओरडलं की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जायचं, म्हणजे मला नवी चप्पल हवी आहे हे बाबांच्या आधी गल्लीला कळायचं. म्हणून मी दादाला सांगायचं, दादाने बाबांच्या कानाशी वाकायचं आणि बाबांनी मान हलवायची. वह्या, चपला, सहलीची परवानगी, सगळं असंच यायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पेटीत पत्र टाकताना पोस्टमन वाटेत मजकूर बदलेल असं आपल्या मनात येतं का? तसंच ते.

दादा कॉलेजात होता. तो आणि त्याचे मित्र दर हिवाळ्यात सायकली काढून पारशिवनीच्या पुढे जंगलात जायचे आणि नदीकाठी ताडपत्रीचा तंबू ठोकून राहायचे. एका मित्राकडे चार मोठ्या सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता. तो घेऊन जायचे आणि सकाळी पक्ष्यांचे आवाज भरून आणायचे. निदान घरी असंच सांगायचे. खरं म्हणजे संध्याकाळभर सिनेमाची गाणी वाजवून सेल संपवायचे आणि सकाळी पक्षी ओरडायला लागले की यंत्र गप्प. मग ते सेल नदीकाठच्या दगडांवर उन्हात वाळत घालायचे. उन्हात ठेवले की सेलात जीव येतो असं तेव्हा सगळं नागपूर मानायचं. आमच्या गच्चीवरही पापडांच्या शेजारी टॉर्चचे सेल असायचे. मी अकरावीत होते त्या वर्षी एकाला धीर निघेना, म्हणून त्याने सेल चुलीजवळ शेकायला ठेवले. एक फुगला, त्यातून काळं पाणी आलं आणि ते नेमकं टेपरेकॉर्डरच्या पोटात गळलं. हे सगळं दादानेच मला हसत हसत सांगितलं.

पुढच्या हिवाळ्याची गोष्ट वेगळी होती. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम स्वतः सोबत येणार होत्या. त्यांना आवाज खरंच हवे होते. मॅडम येणार म्हणून दोन मुलीही येणार होत्या, त्यातली एक दादाच्या मित्राची बहीण. दादाने हे घरी सांगितलं तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"दादा, मी पण येऊ?"

"तू येऊन काय करशील वं?"

"तुमच्या सेलचं काही तरी करीन."

मी हे उगाच म्हटलं नव्हतं. फिजिक्सच्या तासाला डायोड शिकवला होता आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात सायकलच्या डायनामोचं चाक फिरत होतं. दादाने हातातला घास संपवला. मग म्हणाला, "जमव. जमवलं तर तुह्यं जाणं पक्कं. बाबाले मी सांगतो."

त्याने आधी स्वतः एकदा करून पाहिलं होतं, हेही सांगायला हवं. मोटरसायकलची जुनी सहा व्होल्टची बॅटरी कुठून तरी आणली आणि डायनामोच्या दोन वायरी सरळ तिला जोडल्या. तासभर पायडल मारलं आणि बॅटरी होती त्यापेक्षा रिकामी झाली. होणारच होती. डायनामोची वीज उलटसुलट वाहते, एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. पाय थांबला की बॅटरीतलं उरलंसुरलंही डायनामोच्या गुंडाळीतून निघून जातं. विजेला एकाच दिशेने वाहायला लावायचं तर मधे डायोड हवेत. मी दादाला सीताबर्डीच्या बाजारातून चार डायोड आणायला लावले. शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडून डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री मागून आणली आणि लाकडाच्या फळीवर त्या चार डायोडची चौकट जुळवली. पहिल्या दिवशी अंगठा चांगलाच भाजला. अजून डाग आहे.

सायकल मागच्या अंगणात स्टँडवर उभी केली, हलू नये म्हणून दोन्हीकडून विटा लावल्या. डायोड आणि बॅटरीच्या मधे टॉर्चचा बल्ब बसवला. बल्ब लागला म्हणजे बॅटरीत वीज जाते आहे, असा माझा हिशोब. बसले आणि पायडल मारायला लागले. आधी काहीच झालं नाही. मग वेग वाढवला आणि बल्ब लालसर झाला, मग पिवळा. मी एकटीच होते. आनंदाने ओरडले तर आई धावत बाहेर आली, तिला वाटलं साप निघाला.

मग रोज संध्याकाळी मी सायकलवर. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "काय वं, कुठवर पोचली? कामठी आली का?" मी म्हणायची, "कामठी गेली मागं, आता पारशिवनीच." बाबा ओट्यावर बसलेले असायचे. दार उघडं असलं की घरातून आरपार अंगण दिसायचं. चहा पिता पिता ते बघत असायचे. ते काय विचार करत होते ते मला कधी कळलं नाही, कारण कळायची वाट दादातून जायची.

बॅटरीवर टेपरेकॉर्डर चालला त्या दिवशी दादा खूश होता. जाताना वाटेत चाक फिरणारच, म्हणजे पोचेपर्यंत बॅटरी भरलेली, आणि तिथे पोचल्यावर सायकल स्टँडवर लावून पाळीपाळीने पायडल मारायचं. मी बॅटरीसाठी लाकडी खोका केला, आत गवत भरलं, कॅरिअरला बांधायचे पट्टे शिवले. कुणाचा स्वेटर न्यायचा ते ठरवलं. आईकडून तिळाची चटणी करून घेतली. आता फक्त बाबांना विचारायचं राहिलं होतं.

तो देखावा मला अजून दिसतो. बाबा ओट्यावर, दादा त्यांच्या डाव्या कानाशी वाकलेला, आणि मी आत दाराशी. पलीकडे पोरांचा गलका चालला होता, त्यामुळे दादाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलला. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान नकारार्थी हलवली, कप खाली ठेवला आणि उठून चपला घालून बाहेर निघून गेले.

दादा आत आला. "नाही म्हणून राहिले वं. पोरीची जात, जंगलात कुठं पाठवतं, म्हणे."

"मॅडम आहेत हे सांगतलं का?"

"सारं सांगतलं."

"अजून एकदा विचार ना."

"आता चिडतील. राहू दे यंदा."

मी रडले. आई म्हणाली, बाप नाही म्हणतो तर असेल काही कारण. दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. खोका कॅरिअरला मीच बांधला. कोणती वायर कुठे लावायची ते दादाला पुन्हा पुन्हा घोकून दाखवलं, त्याच्याकडून म्हणवून घेतलं. त्याच्या डब्यात माझी तिळाची चटणी होती. मी शिवलेले पट्टे घट्ट आहेत ना ते त्याने ओढून पाहिलं आणि पायडल मारलं.

ते परत आल्यावर मित्राची बहीण घरी आली. चांगली मुलगी होती, तिचा काही दोष नाही. म्हणाली, "तुझा दादा किती डोक्याचा आहे गं! मॅडम तर म्हणाल्या, याला पुढे शिकवा. भाजलेल्या हाताने सोल्डरिंग केलं म्हणे." आणि वर विचारलं, "तू का नाही आलीस? तुझा दादा म्हणाला तुला असल्या गोष्टीत रस नाही."

माझ्या अंगठ्यावर तेव्हा खपली धरली होती. मी तो हात मागे घेतला. का घेतला ते कळत नाही. भाऊ खोटा पडू नये असं वाटलं असेल. आमच्यात असंच वळण लावतात.

संध्याकाळी मी त्याला धरलं. "दादा, यंत्र तू बनवलं?"

तो हसला. "घरातच राहिलं ना सारं? तू बनवलं काय आन् मी बनवलं काय. पोरीनं बनवलं म्हटलं असतं तर कोणी मानलं असतं का?"

मला राग आला, पण मी तो गिळला. चोरी तर चोरी, पण माझ्यासाठी बाबांकडे शब्द टाकला तो यानेच, असं मी मनाला समजावलं. खरा राग मी बाबांवर काढला. बोलून नाही, बोलण्याची सोयच नव्हती. त्यांना संध्याकाळचा चहा मी द्यायची, तो देणं बंद केलं. ते आले की मी आत जायची. ओट्यावरचा कप आई उचलायला लागली. बाबांनी कधी विचारलं नाही, आणि मला वाटलं, विचारतील कशाला, त्यांना फरकच पडत नाही.

बारावीनंतर मला पॉलिटेक्निकला जायचं होतं. रेडिओचं शिकायचं होतं. मार्क होते. दादाला म्हटलं, बाबांना विचारशील का? तो शर्टाला इस्त्री करत होता. मान वर न करता म्हणाला, "दोन दिवस जंगलात नाही पाठवलं, पोरांच्या वर्गात तीन वर्षं पाठवतील काय? विचार म्हणशील तर विचारतो. पण उगाच तमाशा होईन."

मला पटलं. माझ्या डोळ्यांनी मी बाबांची मान हललेली पाहिली होती ना! मी म्हटलं, राहू दे. बीए केलं, लग्न झालं, त्याच शहरात दुसऱ्या टोकाला संसार मांडला. घरातला मिक्सर बिघडला की मी उघडून बसायची आणि नवरा म्हणायचा, तू इंजिनिअर व्हायला हवं होतंस. मी म्हणायची, बापाने होऊ दिलं नाही. इतक्यांदा म्हटलं की ते माझं पाठच झालं होतं.

दादा नोकरीला बाहेरगावी गेला आणि मोठा झाला. लग्नाकार्यात भेटला की त्याच्याभोवती कोंडाळं जमायचं आणि सायकलच्या विजेची गोष्ट निघायची. सांगायचा छान. विटा, टॉर्चचा बल्ब, "कामठी आली का" म्हणणाऱ्या काकू, सगळं माझं जसंच्या तसं त्याच्या तोंडी. भाजलेला अंगठासुद्धा. बाबा शेजारीच बसलेले असायचे आणि सगळे हसले की तेही हसायचे. त्यांच्यासमोर सांगायला दादाला कधी अडचण वाटली नाही. त्यांना कुठे काय ऐकू येत होतं!

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. दादाच्या शहरात त्यांना करमायचं नाही, असं दादाच म्हणाला. मी कर्तव्य म्हणून ठेवलं, माया होती असं खोटं कशाला सांगू. पण रोज एका घरात राहून कानाशी ओरडायचं म्हणजे घसा बसायची पाळी. म्हणून नवऱ्याने त्यांना सीताबर्डीला नेऊन कानाचं मशीन घेऊन दिलं. खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. घरी आल्यावर बाबा दिवसभर चकित होते. नळ वाजला तरी विचारत, हे काय वाजून राहिलं? कुकरच्या शिट्टीने तर उठून उभे राहिले. मी हसले, तर माझं हसणं ऐकून ते माझ्याकडे पाहायला लागले.

काही दिवसांनी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. बाबा समोर येऊन बसले. खिशातल्या डबीचा आवाज नीट केला आणि म्हणाले, "एक विचारू वं?"

"विचारा ना बाबा."

"तू त्या साली जंगलात काहून नाही गेली? सायकल तर एवढी फिरवत होती."

मला वाटलं, म्हातारपणी विसरले. माझा आवाज चढला. "तुम्हीच तर नाही म्हटलं होतं."

"मी? मी कायले नाही म्हणीन? तुह्या दादानं सांगतलं, तिले यायचं नाही. तिथं सारे मोठ्या घरचे येऊन राहिले, आन् गिरणीवाल्याची पोरगी म्हणून जायले तिले लाज वाटते, म्हणे." त्यांनी डबीची वायर सरळ केली. "मले वाईट वाटलं. मी म्हटलं, असन बाप्पा. पोरीवर जोर कायले करावं."

सूप माझ्या मांडीवरून घसरलं. मी उचललं नाही. बाबांनी मान हलवली होती ती मला नाही म्हणायला नव्हती. मी त्यांची लाज बाळगते हे ऐकून हलवली होती. आणि त्यानंतर मी चहा द्यायचा बंद केला, ते आले की आत जायला लागले. दादाने सांगितलेलं खरं आहे, याची रोज संध्याकाळी मीच त्यांना साक्ष देत राहिले.

"आन् पॉलिटेक्निक?" मी विचारलं.

"कोणतं पॉलिटेक्निक?" बाबा म्हणाले.

मी तेवढंच विचारलं. मग न्हाणीत गेले, नळ सोडला आणि रडले. बाबांना नळाचं पाणी ऐकू येतं हे मी विसरले होते. ते दाराबाहेर येऊन उभे राहिले आणि विचारत राहिले, काय झालं वं, काय झालं? मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, मधे कुणी नसताना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपलाच पोरगा. त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर?"

दिवाळीला दादा बायको-मुलांना घेऊन आमच्याकडे आला. मी त्याला एकटं गाठून विचारणार होते, मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. जमलं नाही. फराळाला सगळे बसलो आणि नेमकी वीज गेली. मेणबत्त्या लावल्या. दादाचा मुलगा कुरकुरला, तसा दादा म्हणाला, "अरे, तुझ्या बापानं सायकलवर वीज बनवली होती, माहीत आहे ना?" आणि सुरू झाला. विटा, बल्ब, कामठी, अंगठा.

बाबा चिवडा खात होते. त्यांनी बशी खाली ठेवली. डबीवर बोट फिरवलं.

"थे तिनं बनवलं होतं," ते म्हणाले. "मी ओट्यावरून पाहत होतो. आन् तिले यायचं नाही, हे तू कायले सांगतलं मले?"

दादाची बायको माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता दादा काही तरी बोलेल. खाली मान घालेल, चिडेल, चुकलं म्हणेल. मी काहीही ऐकून घ्यायला तयार होते.

दादा हसला. अगदी तेच हसू. माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, "मशीन बरोबर नाही वाटतं, जावईबापू. बदलून घ्या. बाबाले काही तरी भलतंच ऐकू येऊन राहिलं." मग पूर्वीसारखा बाबांच्या डाव्या कानाशी वाकला आणि मोठ्याने, लहान मुलाला समजावतात तसा म्हणाला, "बाबा, तुमचा घोटाळा होऊन राहिला. तसं काही नव्हतं झालं."

बाबा गोंधळले. जन्मभर ज्याला नीट ऐकू आलं नाही त्या माणसाला आपल्या कानांवर किती भरवसा असणार? त्यांनी खिशातून डबी काढली, मेणबत्तीजवळ धरून पाहिली, तिच्यावर टिचकी मारली. "मले तर असंच वाटलं होतं बाप्पा," ते हळूच म्हणाले. दादा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

मी उठले. दादाचा हात बाजूला केला, बाबांच्या हातातली डबी घेऊन त्यांच्या खिशात ठेवली आणि त्यांच्या समोर बसले. कानाशी वाकले नाही, आवाजही चढवला नाही.

"मशीन चांगलं आहे बाबा," मी म्हटलं. "तुम्हाले बरोबर ऐकू आलं."